मुलं खेड्यात पाठवायची तर घरं आधी ठरवा

संपादक महोदय,

मे २०२५ मध्ये देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, तेव्हा महाराष्ट्राच्या यादीत भुसावळचं नाव होतं. रेल्वे जंक्शन, आयुध निर्माणी, जवळच वरणगावचा दारूगोळा कारखाना आणि दीपनगरचं वीज केंद्र हे सगळं पाहता त्यात नवल नाही. चर्चा झाली ती भोंग्याची आणि दिवे घालवण्याची. लोकांना हलवण्याच्या आराखड्याची उजळणी हाही केंद्राच्या सूचनांचा भाग होता, पण त्यावर पारावर किंवा पेपरात फारसं कुणी बोललं नाही. उद्या खरंच वेळ आली आणि भुसावळची मुलं यावल, रावेर, जामनेरच्या खेड्यांत पाठवायची ठरली, तर गाड्यांचं जमेल; एसटीला यात्रेची गर्दी वाहायची सवय आहे. अडेल ते गाडी गावात थांबल्यावर. बालसंगोपन आणि शाळा या दोन्ही कामांत वर्षं घातलेले आम्ही काही जण त्या पुढच्या भागाबद्दल लिहीत आहोत.

या बाबतीत सगळ्यात जास्त नोंदलेला अनुभव ब्रिटनचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १ सप्टेंबर १९३९ पासून तीन-चार दिवसांत तिथे सुमारे १५ लाख लोक शहरांतून खेड्यांत हलवले गेले. त्यांतली आठ लाखांहून अधिक आईवडिलांविना आलेली शाळकरी मुलं होती. वाहतूक चोख झाली, जीवितहानी जवळपास नाही. घोटाळा झाला तो उतरवून घेताना. आली गाडी, भरली, सोडली, या घाईत एका शाळेची मुलं चार गावांत विखुरली. जिथे मुलांची तयारी होती तिथे तान्ही बाळं घेतलेल्या आया उतरल्या. मग गावच्या सभागृहात मुलांना उभं करून गावकऱ्यांना निवडायला सांगितलं. शेतकऱ्यांनी धट्टेकट्टे मुलगे उचलले, नीटनेटक्या मुली लगेच गेल्या. मळकट कपड्यांतली मुलं आणि हात न सोडणारी तीन-तीन भावंडं रात्रीपर्यंत तशीच बसून. आपल्याकडे शाळेच्या व्हरांड्यात हेच होईल, आणि वर आडनावं विचारली जातील. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आराखडा करणाऱ्याने ते गृहीत धरूनच चालावं.

म्हणून पहिलं काम: कोणतं मूल कोणत्या घरी, हे गाडी सुटण्याआधी कागदावर ठरलेलं असावं आणि गावात निवड अजिबात नसावी. एका शाळेचे वर्ग एकाच गावात किंवा लागून असलेल्या दोन गावांत, शिक्षकांसह. भावंडं एकाच घरी. नाहीच जमलं तर एकाच गल्लीत. प्रत्येक मुलाचं कार्ड तीन प्रतींत: एक मुलाच्या खिशात, एक घरधनिणीकडे, एक शिक्षकाकडे. त्यावर आईवडिलांचे दोन नंबर, भुसावळबाहेरच्या एका नातलगाचा नंबर, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, दमा किंवा फिट येते का, अंडी-मटण चालतं का आणि भावंडं कोणत्या घरी आहेत. पिशवी मुलाला स्वतः उचलता येईल एवढीच. दोन जोड, जादा चड्ड्या, पंचा, फणी, पंधरा दिवसांची औषधं, चालू पुस्तकं आणि घरातली वापरातली, न धुतलेली एक चादर. लहान मुलाला नव्या घरात पहिल्या रात्री त्या चादरीच्या वासाने झोप लागते.

घर निवडताना बहुतेक समित्या खोल्या मोजतात. मोजायची असते ती घरातल्या बाईची सवड. कपाशी वेचणीच्या दिवसांत सकाळी सातला घराला कुलूप लागतं ते दिवेलागणीला उघडतं. अशा घरी आठ वर्षांचं मूल ठेवणं म्हणजे त्याला ओट्यावर सोडून देणं. आणि मूल बारा वर्षांचं असेल तर चौथ्या दिवशी त्याच्या गळ्यात वेचणीची झोळी येते. त्यामुळे दिवसभर एक मोठं माणूस घरी असणारं घर हवं. आजी-आजोबांचं असेल तर उत्तमच. पडवी असो की माळा, मुलाला स्वतःची झोपायची जागा आणि कपड्यांसाठी एक खुंटी ठरवून द्यावी. घरात फवारणीचं औषध उघड्यावर असेल तर आधी ते कुलपात जाऊ द्या. त्याची रिकामी बाटली तेलापाण्यासाठी वापरणारी घरं आजही आहेत; अशा घराला नाव न ठेवता यादीतून वगळावं.

आता अंथरूण ओलं करण्याबद्दल, कारण ब्रिटनमध्ये याच्या फार तक्रारी होत्या. दहा-बारा वर्षांची, घरी कधी अंथरूण न भिजवणारी मुलंही नव्या घरी भिजवू लागली. यजमान बायांना वाटलं, शहरातल्या आयांनी वळण लावलं नाही. खरं कारण ताटातूट आणि भीती. रागावलं की भीती वाढते आणि अंथरूण जास्त भिजतं, म्हणजे शिक्षा उलटीच पडते. उपाय साधे आहेत. गादीवर प्लास्टिकचा कागद, त्यावर चौपदरी जुनी सुती साडी, अंगावर पातळ चादर. गोधडी नको, पावसाळ्यात ती दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी घरभर वास. रात्री आपण झोपायच्या वेळी मुलाला उठवून, पूर्ण जागं करून लघवीला न्यावं. अर्धवट झोपेत नेलं तर उपयोग होत नाही. संडास अंगणापलीकडे असेल तर तिथवर दिवा हवा. बरीच मुलं आळसाने नाही, अंधाराला भिऊन थांबलेली असतात. चादर वाळत घालायची ती परसात, रस्त्याकडच्या दोरीवर नाही. आणि संध्याकाळनंतर पाणी बंद करू नये. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पाणी तोडलं तर अंथरूण कोरडं राहील, मूल मात्र आजारी पडेल. लघवी करताना आग, ताप किंवा दिवसाही चड्डी ओली होणं यापैकी काही दिसलं तर मात्र प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

उवांचं थोडक्यात. टक्कल करू नका, त्यात मुलाची मान खाली जाते. एक टक्का परमेथ्रिनचं लोशन दहा मिनिटं ठेवून धुवावं, बारीक दातांच्या फणीने विंचरावं आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावं. पहिल्या वेळी लिखा मरत नाहीत, म्हणून दुसरी खेप चुकवायची नाही.

शहरी मुलाला खेड्यातला खरा धोका पाण्याचा. विहिरीला कठडा नसतो हे सगळ्यांना दिसतं. शेततळ्याची खोड दिसत नाही. काठ उतरता, त्यावर प्लास्टिकचा कागद, पाण्यालगत शेवाळ. पाय घसरला की धरायला काही नसतं, पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच अडकतो. चारही बाजूंना वर खुंट्याला बांधलेला, वीत-वीतभर अंतरावर गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठेवावा आणि काठावर हवा भरलेली ट्यूब. खर्च नगण्य. मुलं येण्याआधी हे झालं नसेल तर त्या शिवारात मुलांना पाठवूच नये. चपला झटकून घालायच्या आणि सरपणात हात घालायचा नाही, हे गावच्या पोरांना आपसूक माहीत असतं. पाहुण्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.

कळण्याची भाकरी आणि ठेचा पहिल्या आठवड्यात ताटात पडून राहील. त्यावरून बोलू नये. पोळी, वरण-भात, दूध द्यावं आणि भाकरी आपल्या पानात दिसू द्यावी. अहिराणी किंवा लेवा बोली मूल आपसूक उचलतं. फिनलंडने युद्धकाळात सुमारे ७० हजार मुलं पाठवली, बहुतेक स्वीडनला; त्यांतली बरीच लहान मुलं मायबोली विसरून परतली आणि आईशी बोलेनात, काही हजार तर परतलीच नाहीत. आपल्याकडे अंतर तेवढं नाही, पण आईचा आवाज रोज कानावर हवा. फोनची वेळ ठरलेली असावी, समजा संध्याकाळी सात. फोननंतर मूल रडतं म्हणून काही घरं फोनच टाळतात. रडू द्यावं. मुलांना बाँबपेक्षा ताटातूट जास्त झोंबते, असं बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी लंडनच्या युद्धकालीन बालगृहांतल्या मुलांबद्दल लिहून ठेवलं आहे. पाच वर्षांखालचं मूल त्यामुळे एकटं पाठवूच नये, आईसकट पाठवावं. कोल्हापूरजवळ वळीवड्याला १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची शाळा, प्रार्थना, भाषा एकाच छावणीत टिकली. लहान मुलं जास्त असतील तर आश्रमशाळेसारख्या एका ठिकाणी आयांसह ठेवणं हा पर्यायही आराखड्यात असावा.

शाळेचा अडसर मानू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जागा कमी असेल तर दुपार-सकाळ पाळी करावी, पण पाहुण्या मुलांचा वेगळा वर्ग महिनोन्‌महिने चालवू नये.

पैशाचं स्पष्ट बोललं पाहिजे. ब्रिटनमध्ये एका मुलामागे आठवड्याला साडेदहा शिलिंग मिळत, एकाहून अधिक असतील तर प्रत्येकी साडेआठ. रक्कम अपुरी असल्याची ओरड होती, पण ती टपाल कचेरीत दर आठवड्याला हातात पडे. आपल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २२५० रुपये आहेत, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत ४०००. मात्र अर्ज, गृहभेट, बालकल्याण समितीचा आदेश ही साखळी अशा अचानक प्रसंगासाठी बनलेलीच नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी आपत्ती निधीतून पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊ देण्याची तरतूद आजच लिहून ठेवावी. अनोळखी घरी मूल ठेवायचं तर समितीची नोंद आणि पोलीस पडताळणी टाळता येणार नाही, म्हणूनच यादी शांततेच्या दिवसांत करायची. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना गावातली घरं आतून माहीत असतात; त्यांचं मत सरपंचाच्या मताच्या वर धरावं. मुलं आल्यावर पहिला महिना आठवड्यातून एकदा, न सांगता घरी जाऊन, मुलाशी एकट्याशी बोलून यायचं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा (चाइल्डलाइन) नंबर प्रत्येक मुलाला पाठ हवा.

परतीचं कोण ठरवणार हेही आधी लिहावं. ब्रिटनमध्ये बाँब पडेनात म्हणून जानेवारी १९४० पर्यंत शाळकरी मुलांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक परत गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनवर सलग बाँबफेक सुरू झाली. आईबाप रविवारी भेटायला येऊन मूल घेऊन जातात, त्यांना अडवताही येत नाही. भेटीसाठी एसटी मोफत ठेवली तर नेण्याची घाई कमी होते.

ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालायला वरून परिपत्रक यावं लागत नाही. १५ ऑगस्टच्या सभेची नोटीस निघण्याआधी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यावा आणि त्यासोबत घरांची कच्ची यादी जोडावी.

आपले,
बालसंगोपन व शालेय कामातील काही निवृत्त कार्यकर्ते,
जळगाव जिल्हा