रणगाडे मोजून युद्ध कळत नाही

महोदय,

हल्ली रंकाळ्यावर सकाळी फिरायला जावे तर बाकावर एकच चर्चा: त्यांची विमाने किती, आपली किती, रणगाडे कुणाचे जास्त. मोबाईलवरचा तक्ता पुढे धरला की निकाल लागला! खासबागेत कुस्त्या पाहिलेल्या गावाने तरी नुसत्या वजनावर पैलवान जोखू नये.

सप्टेंबर 1965 च्या युद्धात पंजाबातल्या खेमकरण भागात पाकिस्तानकडे अमेरिकेचे पॅटन रणगाडे होते. कागदावर ते आपल्या शर्मन, सेंच्युरियनपेक्षा सरस. पण तिथल्या असल उत्तर या गावी आपल्या सैन्याने शेतात पाणी सोडले, रणगाडे उसात दडवले आणि चिखलात रुतलेले पॅटन जवळून टिपले. शंभराच्या आसपास रणगाडे शत्रूने तिथे गमावले. (उसाचा फड किती दाट असतो, हे आम्हा कोल्हापूरकरांना कुणी सांगायला नको.)

उलट उदाहरण 1962 चे. आपल्याकडे लढाऊ विमाने होती, पण चीनविरुद्ध ती वापरलीच गेली नाहीत. तक्त्यात मात्र ती मोजली गेली असतीच.

दारूगोळा किती दिवस पुरेल, सुटे भाग कोण देणार, हिमालयात रसद कशी चढणार, हे त्या तक्त्यात नसते. सैनिक टाकळीसारख्या गावांत घरोघरी फौजी आहेत. बाकावरच्या मंडळींनी एकदा तिथे जाऊन विचारावे.

– एक माजी सैनिक, मंगळवार पेठ, कोल्हापूर