सुरक्षा पॅच कधी लावला, हेही लेखापरीक्षणात विचारावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या उद्योगांचे हिशेब, पगार, खरेदी आणि कर्मचाऱ्यांची माहिती ज्या एसएपी प्रणालीत असते, तिच्यात ओळख न तपासताच आत शिरू देणारा दोष २०२० मध्ये सापडला आणि त्याच जातीचा दुसरा दोष २०२५ मध्ये उघड झाला. दोन्हींची तीव्रता दहापैकी दहा ठरवण्यात आली होती. मी पुण्यात याच प्रणालीचे बेसिसचे, म्हणजे सर्व्हर चालता ठेवण्याचे आणि पॅच (दोष दुरुस्त करणारा सॉफ्टवेअरमधील बदल) लावण्याचे काम करतो. असे दोष उघड होऊनही महिनोन्‌महिने तसेच का राहतात, याबद्दल हे पत्र आहे.

पहिला दोष ओनॅप्सिस या सुरक्षा कंपनीने शोधला आणि १४ जुलै २०२० रोजी एसएपीने त्याचा पॅच दिला. एसएपी ज्यावर चालते त्या नेटवीव्हर या पायाभूत सॉफ्टवेअरच्या जावा सर्व्हरमध्ये सुरुवातीच्या मांडणीसाठी एक विझार्ड (टप्प्याटप्प्याने मांडणी करून देणारे साधन) असतो. प्रणाली उभी करताना तो लागतो, पुढे वर्षानुवर्षे त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. या विझार्डमागची वेबसेवा विनंती कोणाकडून आली हे तपासतच नव्हती. त्यामुळे सर्व्हर इंटरनेटवरून दिसत असेल, तर एकही पासवर्ड ठाऊक नसलेला माणूस प्रशासकाचे अधिकार असलेला नवा युजर स्वतःसाठी तयार करू शकत होता. असा युजर हाती आला की पुरवठादाराच्या बँक खात्याचा क्रमांक बदलणे, कर्मचाऱ्यांची खासगी माहिती वाचणे, मागच्या नोंदी पुसणे हे सगळे शक्य होते, आणि प्रणालीच्या दृष्टीने ते एका अधिकृत युजरनेच केलेले असते. हल्ल्याचा नमुना-कोड काही दिवसांतच जाहीरपणे उपलब्ध झाला होता.

योगायोग असा की पॅच आला नेमक्या त्याच दिवशी पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये दहा दिवसांची कडक टाळेबंदी सुरू झाली. माणसे घरून काम करत होती, आणि पगारपत्रक पाहण्याचे किंवा पुरवठादारांनी बिले सादर करण्याचे पोर्टल बाहेरून उघडावे, अशी मागणी सगळीकडून होत होती. म्हणजे दोष माहीत झाला तेव्हाच दार जास्त उघडे होते. अशा वेळी पॅच लावायला काही तासांचा डाउनटाइम, म्हणजे प्रणाली बंद ठेवण्याचा वेळ, लागतो आणि तो मिळवणे हेच आमचे खरे काम होऊन बसते. ११ तारखेपर्यंत जीएसटीचे जीएसटीआर-१ हे विवरणपत्र भरायचे असते, २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी, महिनाअखेरीस हिशेबांचे क्लोजिंग, त्यानंतर पगार. बदलाची मंजुरी मागणारी आमची चेंज रिक्वेस्ट ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ असा शेरा घेऊन परत येते. लेखा विभागाचे म्हणणे त्यांच्या जागी बरोबर असते, कारण विवरणपत्र चुकले तर दंड त्यांच्या नावावर लागतो. पॅच राहिला तर मात्र कोणाच्याच नावावर काही लागत नाही. वास्तविक या प्रकरणात पॅच लगेच लावता येत नसेल, तर तो विझार्ड तेवढा बंद ठेवण्याचा पर्याय एसएपीने दिला होता. पण तेवढ्या बदलालाही मंजुरी लागतेच.

दुसरा दोष व्हिज्युअल कंपोझर या घटकातला. कोड न लिहिता स्क्रीन तयार करण्याचे हे जुने साधन. अनेक ठिकाणी ते वापरात नाही, पण बसवलेले आहे. त्यात फाइल चढवण्याची जी सोय होती, तिलाही लॉगिनची अट नव्हती. हल्लेखोरांनी तिच्यातून सर्व्हरवर वेबशेल, म्हणजे पुढे हवे ते आदेश देता येतील अशा छोट्या फाइली ठेवल्या. एसएपीने २४ एप्रिल २०२५ रोजी तातडीचा पॅच दिला, पण हल्ले त्याआधीच सुरू झाले होते. ज्यांनी आधीचे सर्व पॅच लावले होते, त्यांचेही सर्व्हर यात सापडले. शिवाय पॅच लावल्याने आधीच ठेवलेला वेबशेल निघत नाही, त्यासाठी सर्व्हरचे फोल्डर उघडून अनोळखी फाइली शोधाव्या लागतात. कित्येक व्यवस्थापनांना ‘पॅच लावला’ एवढे उत्तर पुरेसे वाटते, याची मला सर्वाधिक काळजी वाटते.

आता लेखापरीक्षणाकडे पाहावे. दरवर्षी लेखापरीक्षकांचा संगणक-विभाग येतो आणि पासवर्ड किती अक्षरी आहे, तो किती दिवसांनी बदलतो, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा युजर कधी बंद केला, खरेदी करणारा आणि बिल मंजूर करणारा एकच तर नाही ना, हे बारकाईने तपासतो. हे प्रश्न आवश्यकच आहेत. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, सक्तीचा झाला, तोही चांगला नियम आहे. पण वरील दोन्ही दोषांत हल्लेखोराला लॉगिनच्या पानाशी जावेच लागत नाही, त्यामुळे पासवर्डचे सगळे नियम पाळूनही तो आत येतो. सर्वोच्च तीव्रतेच्या दोषावर पॅच कोणत्या दिवशी जाहीर झाला, आपल्याकडे कोणत्या दिवशी लागला, आणि मधल्या काळात सर्व्हरची तपासणी झाली का, हे प्रश्न मला अद्याप कोणत्याही परीक्षकाने विचारलेले नाहीत.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, परंतु तो नियम घटना घडल्यानंतरचा आहे. माझी विनंती इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाला आणि कंपन्यांच्या लेखापरीक्षण समित्यांना आहे, की वरील तीन प्रश्न अंतर्गत वित्तीय नियंत्रणांच्या तपासणीत घालावेत आणि डाउनटाइम नाकारणाऱ्या अधिकाऱ्याची सही त्या नोंदीवर असावी. अशी माहिती उघड केल्याने हल्लेखोरांना मदत होईल, असा आक्षेप येईल. तो टाळायला ही नोंद जाहीर करण्याची गरजच नाही; ती परीक्षक आणि समिती यांच्यापुरती राहिली तरी पुरे, कारण तेवढ्याने आमची चेंज रिक्वेस्ट क्लोजिंगच्या आधी मंजूर होऊ लागेल.

आपला,
एक वाचक, पुणे