रेलचेल, सुळसुळाट आणि पेव

सांगली

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख दोनदा वाचला. छान झालाय, पण ‘पावसाळ्यात डासांची रेलचेल’ इथे मी अडखळलो. रेलचेल आंब्यांची असते, लग्नघरात पाहुण्यांची असते. डासांचा सुळसुळाट होतो आणि सांडलेल्या गुळावर मुंग्यांचा बुजबुजाट. नुसतं ‘खूप’ सांगून आपली भाषा थांबत नाही गं, ते खूप असणं सुखाचं की तापाचं, तेही त्याच शब्दात सांगते. पाऊस मनाजोगता झाला तर सुकाळ. तोच थांबेना, शेतात पाणी साचून हळदीचे कंद कुजायला लागले की ओला दुष्काळ. पाणी गुडघाभर आणि नाव दुष्काळाचं! शेतकऱ्याला मात्र त्यात काही चुकीचं वाटत नाही.

आजी ‘खंडीभर कामं पडलीत’ म्हणायची, आठवतं? खंडी म्हणजे वीस मण. तिने धान्य तसं मोजलेलं होतं, म्हणून तिच्या तोंडी त्या शब्दाला वजन होतं.

पुढे तू ‘क्लासेसचं पेव फुटलंय’ लिहिलंस. ते बरोबर आहे, बदलू नकोस. पण पेव म्हणजे काय, हे तुला माहीत असायला हवं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, आपल्या हरिपुरात, हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणलेली होती. तोंड अरुंद, पोट मोठं, रांजणासारखं. तोंड बंद केलं की आतला प्राणवायू संपत जातो, कीड लागत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे. आधी दोरीने पेटता कंदील आत सोडायचे. तो विझला तर थांबायचं, कारण आत माणूसही गुदमरतो. आजोबा मला काठापासून चार हात लांब उभं करायचे.

2005 च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं. कित्येक ढासळली, हळद गेली. आपलीही गेली. ‘पेव फुटलं’ असं आजोबा त्यानंतर कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

दिवाळीला आलीस की हरिपुरात जाऊ. उरलेली पेवं दाखवतो.

तुझे,
बाबा