गाडीतला पडदा आणि बॉडीला जोडलेली एक वायर

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

विषय : मोटारीतील टचस्क्रीनवर धावत्या गाडीत दिसणारे व्हिडिओ आणि त्याबाबतची नियमांतील त्रुटी

गेल्या महिन्यात एका नातलगाच्या साखरपुड्यासाठी नाशिकहून छत्रपती संभाजीनगरला भाड्याच्या गाडीने जाण्याचा योग आला. समृद्धी महामार्गाला लागेपर्यंत सारे ठीक होते. गाडीने वेग घेतला तसे माझ्या लक्षात आले, की चालकासमोरच्या नऊ इंची पडद्यावर एका कोपऱ्यात नकाशा होता आणि उरलेल्या जागेत क्रिकेटचा सामना चालू होता. चालक पंचविशीतला, अत्यंत नम्र, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवणारा, आणि फोन खिशात घालून बसलेला. मी सामना बंद करायला सांगितल्यावर त्याने तो लगेच बंद केला, पण जराशा आश्चर्याने म्हणाला, ‘‘काका, मोबाइल हातात घेतला तर दंड बसतो, म्हणून तर सिस्टीमवर लावलंय.’’ त्या वाक्यात उद्धटपणा नव्हता, युक्तिवादही नव्हता. आपण नियम पाळतो आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. ती समजूत कुठून आली आणि ती सर्वस्वी चुकीची का म्हणता येत नाही, याविषयी हे पत्र आहे.

मी आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ या ट्रेडचा शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालो. गाडीच्या वायरिंगमध्ये माझी बरीच वर्षे गेली. तरीही आधी स्वतःचीच कबुली द्यायला हवी. याच वर्षी मुलाच्या आग्रहावरून मी माझ्या जुन्या गाडीत असाच पडदा बसवून घेतला. दुकानातल्या मुलाने जुना स्टिरिओ काढला, नवी फ्रेम बसवली, कपलर जोडला, रिव्हर्स कॅमेऱ्याची केबल छतातून मागे नेली. काम सफाईदार होते. सगळे झाल्यावर हार्नेसमधून, म्हणजे तारांच्या जुडग्यातून, एक वायर सुटी लोंबत राहिली. तिच्यावर इंग्रजीत ‘ब्रेक’ असे लिहिलेली चिठ्ठी होती. ही वायर वास्तविक हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. हँडब्रेक ओढलेला असला, की ती ‘अर्थ’ (earth) होते, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीशी जोडली जाते, आणि गाडी उभी आहे हे पडद्याला कळते. मगच त्याने व्हिडिओ दाखवावा, अशी ती व्यवस्था आहे. त्या मुलाने मला काहीएक न विचारता तिचे टोक सोलले आणि डॅशबोर्डमागच्या एका स्क्रूखाली, म्हणजे थेट बॉडीला, आवळून टाकले. मी विचारल्यावर म्हणाला, ‘‘सगळ्यांना असंच करून देतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत येतं, व्हिडिओ चालत नाही म्हणून.’’ मी ऐकले आणि पैसे देऊन निघून आलो. शिकवण्याच्या काळात एखाद्या प्रशिक्षणार्थ्याने सेफ्टी स्विच असा बायपास केला असता, तर मी त्याचे जर्नल परत केले असते.

हा विषय नेमका समजून घ्यायचा, तर दोन गोष्टींतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. बोलताना आपण दोन्हींना सरसकट ‘मोबाइल गाडीला कनेक्ट केला’ असेच म्हणतो. ॲपलने २०१४च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ‘कारप्ले’ जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये गुगलने ‘अँड्रॉइड ऑटो’. या दोन्हींत प्रत्यक्ष काम फोनच करतो. चित्र तिथे तयार होते, केबलने किंवा वाय-फायने गाडीच्या पडद्यावर येते, आणि आपण पडद्याला केलेला स्पर्श उलट फोनकडे जातो. पण पडद्यावर येतो तो अख्खा फोन नव्हे. नकाशा, गाणी, फोन, निरोप वाचून दाखवणे अशा ठरावीक कामांचीच ॲप तिथे येतात, तीही मोठ्या अक्षरांत, मोजक्या ओळींत. धावत्या गाडीत कीबोर्ड बंद होतो, आणि व्हिडिओला तर थाराच नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे मिररिंग. त्यात फोनचा पडदा जसाच्या तसा गाडीच्या पडद्यावर उमटतो. मग त्यावर रील, सामना, मालिका, व्हिडिओ कॉल, काहीही दिसू शकते. बाजारातल्या बहुतेक ‘अँड्रॉइड सिस्टीम’ म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेले टॅबलेटच असतात. त्यांना तर मिररिंगचीही गरज पडत नाही, फोनचा हॉटस्पॉट मिळाला की झाले. कंपनीनेच पडदा दिलेल्या नव्या गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत, कारण यूएसबीला लावायच्या लहानशा डब्या मिळतात, ज्या गाडीला ‘मी फोन आहे’ असे भासवून तिच्या पडद्यावर हवे ते ॲप चालवतात.

ती वायर बॉडीला आवळली, की फसतो तो केवळ व्हिडिओ प्लेअर नव्हे. गाडी उभी आहे की चालती, हे जोडलेल्या फोनला पडद्याकडूनच कळत असते. पडदाच कायम ‘उभी आहे’ असे सांगू लागला, की फोनमधील नियंत्रणेही सैल पडतात. माझ्याच गाडीत रस्त्याने जाताना कीबोर्ड उघडलेला पाहिला, तेव्हा मला त्या स्क्रूची आठवण झाली.

आता कायद्याकडे वळतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८मध्ये २०१९ साली सुधारणा झाली आणि १ सप्टेंबर २०१९पासून कलम १८४ खाली, वाहन चालवताना ‘हातात धरायच्या’ संपर्क साधनाचा वापर धोकादायक वाहनचालन म्हणून स्पष्टपणे नोंदवला गेला. पहिल्या गुन्ह्यासाठी १,००० ते ५,००० रुपये दंड आणि कारावासाचीही तरतूद आली. ऑक्टोबर २०२०पासून नियमांत आणखी एक भर पडली : असे साधन केवळ मार्गदर्शनासाठी, आणि तेही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने वापरावे. या दोन्ही ठिकाणी विचार झाला आहे तो हातातल्या साधनाचा. डॅशबोर्डमध्ये पक्क्या बसवलेल्या पडद्याबद्दल जे आहे, ते २०१७च्या मोटार वाहन (वाहनचालन) विनियमांत. नकाशा वा दिशादर्शनाची गरज वगळता चालकाने वाहन चालवताना चलच्चित्र पाहू नये, असे ते सांगतात. म्हणजे मनाई आहे. पण विनियमभंगासाठी कलम १७७-अ मध्ये जो दंड सांगितला आहे, तो ५०० ते १,००० रुपये. फोन हातात धरून दोन शब्द बोलणाऱ्याला पाच हजारांपर्यंत दंड आणि नऊ इंची पडद्यावर सामना पाहणाऱ्याला जास्तीत जास्त हजार, असा हा हिशेब होतो. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने अशा चालकालाही कलम १८४च्या व्यापक व्याख्येत बसवणे अशक्य नाही. पण त्यासाठी आधी तो दिसायला हवा. रस्त्यावरचा कॅमेरा कानाला लावलेला हात आणि न लावलेला पट्टा टिपतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि नजर तेवढी पडद्यावर, असा माणूस त्याच्या लेखी आदर्श चालक असतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अपघात अहवालात वाहतूक नियमभंगाची वर्गवारी असते : अतिवेग, मद्यपान, चुकीच्या बाजूने वाहन चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाइलचा वापर, आणि इतर. गाडीतल्या पडद्याला त्यात स्वतंत्र रकाना नाही. अपघातानंतर पंचनामा करणाऱ्यालाही पडद्यावर काय चालू होते हे विचारायचे सुचत नसावे, आणि बॅटरीची तार निखळली की तो पडदा तसाही काळा होतो.

समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३च्या मार्गदर्शक तत्त्वांत चालकाची एक नजर रस्त्यावरून दोन सेकंदांहून अधिक काळ ढळू नये असे म्हटले आहे. ती दोन सेकंदांची सूट जरी घेतली, तरी ६६ मीटर अंतर न पाहता कापले जाते, आणि सामन्यातला एक चेंडू दोन सेकंदांत संपत नाही. त्या महामार्गाला वळणे कमी, चढउतार सौम्य, समोर पाहण्यासारखे फारसे काही नाही; कंटाळा येतो आणि हात आपोआप पडद्याकडे जातो. चालकाला मी दोष देतो तो एवढ्या मर्यादेतच.

केवळ व्हिडिओ बंद झाले म्हणजे सारे भागेल, असेही माझे म्हणणे नाही. ब्रिटनमधील ‘आयएएम रोडस्मार्ट’ या संस्थेने ‘टीआरएल’ या वाहतूक संशोधन संस्थेकडून करून घेतलेला एक अभ्यास मार्च २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. सिम्युलेटरवर चालकांचा प्रतिसाद मोजला, तेव्हा अँड्रॉइड ऑटो बोटाने वापरताना तो ५३ टक्के मंदावला आणि कारप्ले वापरताना ५७ टक्के. बोलून आज्ञा दिल्या तेव्हाही अनुक्रमे ३० आणि ३६ टक्के. तुलनेसाठी, तिथल्या कायदेशीर मर्यादेइतके मद्य घेतलेल्या चालकाचा प्रतिसाद १२ टक्के मंद भरतो. म्हणजे सारी बंधने पाळणारी मूळ व्यवस्थासुद्धा निरुपद्रवी नाही. गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी घेऊन गुण देणाऱ्या युरोपातील ‘एनकॅप’ने २०२६पासूनच्या गुणांकनात इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन मदत यांना स्वतंत्र बटणे वा दांडे असावेत अशी अपेक्षा ठेवली आहे, ती याच अनुभवातून. आपल्याकडे मात्र पडदा जितका मोठा तितकी गाडी वरच्या दर्जाची, असे अजून शोरूममध्ये अभिमानाने सांगितले जाते.

तरीही मी पडद्याच्या विरोधात नाही. मांडीवर ठेवलेल्या फोनमध्ये मान खाली घालून रस्ता शोधण्यापेक्षा डोळ्यांच्या पातळीजवळचा नकाशा केव्हाही बरा. रिव्हर्स कॅमेऱ्यामुळे सोसायटीच्या आवारात खेळणारी मुले दिसतात, हा फायदा लहान नाही. मागे बसलेल्यांसाठी सीटच्या पाठीला लावलेल्या पडद्याबद्दलही माझी तक्रार नाही. नातवंडे त्यावर काय पाहतात हा त्यांच्या आईबापांचा प्रश्न आहे. दिवसाचे बारा-बारा तास गाडी हाकणाऱ्या चालकाला विरंगुळा हवा असतो, हेही मला कळते. त्याने गाणी ऐकावीत, सामन्याचे समालोचन ऐकावे. आमच्या पिढीने कितीतरी सामने नुसते रेडिओवर ऐकलेच आहेत.

माझी मागणी मर्यादित आहे आणि तिला खर्च फारसा नाही. भाड्याने चालणाऱ्या प्रवासी वाहनांना योग्यता प्रमाणपत्रासाठी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तपासणीला जावेच लागते. ब्रेक, दिवे, टायर पाहिले जातात, त्यातच पडद्याची अर्ध्या मिनिटाची चाचणी घालता येईल : व्हिडिओ लावायचा, हँडब्रेक सोडायचा, आणि चित्र थांबते का ते पाहायचे. थांबले नाही, तर वायर बॉडीला आहे हे ओळखायला कोणी इंजिनिअर लागत नाही. हँडब्रेकची खूण चकवता येते हे खरे असल्याने, पुढच्या टप्प्यात वेगाची माहिती थेट गाडीकडून घेणारे आणि ती मिळाल्याशिवाय चित्र न दाखवणारे पडदेच विक्रीस यावेत. प्रवासी वाहनांतल्या ट्रॅकिंग उपकरणासाठी एआयएस-१४० हे मानक आहे. वाहनांच्या चाचण्या घेणारी ‘एआरएआय’ ही संस्था आपल्याच राज्यात, पुण्यात आहे. जे उपकरण चालकाच्या नजरेशी थेट झगडते, त्याला असे मानक लावणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. दंडाच्या रकमेतली वर दाखवलेली विसंगती तर कायद्यात ‘हातात धरायच्या’ या शब्दांपुढे ‘किंवा वाहनात बसवलेल्या पडद्यावर चलच्चित्र पाहणे’ एवढी भर घालूनही दूर होईल.

दुकानदारांना खलनायक ठरवण्यात मात्र अर्थ नाही. गिऱ्हाईक मागते ते ते देतात. पण वायर अशी जोडून देणाऱ्यावर आज कोणतीच जबाबदारी येत नाही. बिलावर ‘पार्किंग ब्रेकची वायर हँडब्रेकला जोडली’ अशी एक ओळ लिहून सही करणे बंधनकारक केले, तर निदान दुसऱ्या दिवशी परत येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायला त्यांच्याकडे काहीतरी राहील.

साखरपुड्याहून परतल्यावर मी त्याच दुकानात गेलो आणि माझ्या गाडीची वायर हँडब्रेकच्या स्विचला जोडून मागितली. मुलाला त्यासाठी मधला कन्सोल उघडावा लागला. पाऊण तास गेला, दीडशे रुपये झाले. काम करताना त्याने दोनदा विचारले, ‘‘काका, नक्की ना? मग चालू गाडीत काहीच दिसणार नाही.’’ अशी उलटी मागणी घेऊन आलेला मी त्याच्याकडचा पहिलाच गिऱ्हाईक होतो, असे तो म्हणाला.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
नाशिक