कपिलीने वैरण सोडली तेव्हा

सांगली, रविवार रात्र

प्रिय मन्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. आमवातामुळे सकाळी शर्टाची बटणं लावायला अर्धा तास जातो, हे तू हसत हसत सांगितलंस. आवाज पडला तो पुढे. "बोटं सुजलेली दाखवता येतात रे. पण काही करावंसं वाटत नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, हे कुणाला दाखवू? घरी सगळे आळस म्हणतात." फोनवर मला हे धड बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या गोठ्यातली कपिली आठवते का तुला? मे महिन्यात तिला ताप आला होता. गव्हाणीतली वैरण तशीच, रवंथ बंद, कान पडलेले, भिंतीकडे तोंड करून उभी. आजोबा म्हणाले, "आज तिच्या वाटेला जाऊ नका." तिला आळशी म्हणायचं कुणाला सुचलंही नाही.

बेंजामिन हार्ट नावाच्या अमेरिकन पशुवैद्याने १९८८ मध्ये नेमकं यावरच लिहिलं. आजारी जनावर खात नाही, पेंगतं, एका बाजूला होतं, ते गळाठल्यामुळे, असं सगळे धरून चालले होते. त्याचं म्हणणं, हा शरीराचा डाव आहे. ताप एक अंश सेल्सिअसने चढवायचा तर शरीराला सुमारे १० टक्के जादा ऊर्जा लागते. ती चरायला हिंडण्यात कशाला घालवायची? आपल्याकडच्या बायका तापात लंघन करायला लावत, ते काही अगदीच वेडेपण नव्हतं.

आता खाऊ नको, पडून राहा, हा हुकूम सुटतो मेंदूतून. सुजलेल्या जागी पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाचे रेणू सोडतात. ते रक्तातून मेंदूच्या उंबऱ्याशी आले की तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि हायपोथॅलॅमस तापमानाचा काटा वर सरकवतो. आपली पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिनच कमी करते. दुसरी वाट तारेची, म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नर्व्हची. हिच्यातले ८० टक्क्यांच्या आसपास तंतू पोटाछातीची खबर वर मेंदूकडे नेतात. १९९०च्या दशकात उंदरांची ही नस पोटाजवळ कापून पाहिली, तर सायटोकाइन टोचूनही ताप चढेना.

खरी गंमत पुढे आहे. मेंदू नुसता ऐकून बसत नाही. केविन ट्रेसी या अमेरिकन संशोधकाने २००० च्या सुमारास दाखवलं, की व्हेगसला विजेचा हलका झटका दिला तर दाह उतरतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या चार्ल्स झुकर यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या मेंदूच्या देठात यासाठीच्या पेशी शोधल्या. त्या बंद केल्या की दाह बेफाम, चालू केल्या की आटोक्यात. रेडिओचं बटणच म्हण ना.

फ्लूमध्ये हे सगळं चार दिवसांत आटपतं. तुझ्या आमवातात तुझेच सैनिक, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, तुझ्या सांध्यांवर तुटून पडलेत. त्यामुळे खबर थांबत नाही आणि मेंदू रोज तोच हुकूम सोडतो, पडून राहा, कुणाला भेटू नकोस. जर्मनीत एर्लांगेनला २०११ मध्ये मोजक्याच आमवाती रुग्णांना टीएनएफ हे सायटोकाइन अडवणारं औषध देऊन मेंदूचे स्कॅन काढले. चोवीस तासांत मेंदूतली वेदनेची हालचाल मंदावली. सांध्यांची सूज आणि सीआरपी, म्हणजे रक्तातला दाहाचा आकडा, तेव्हा होते तिथेच होते! हे वाचलं तेव्हा मला पहिला तूच आठवलास.

२०२५ मध्ये अमेरिकेत आमवातासाठी मानेत बसवायच्या व्हेगस यंत्राला मान्यता मिळाली, तीही ज्यांना टीएनएफ अडवणाऱ्यासारखी पुढच्या टप्प्यातली औषधंही लागू पडत नाहीत किंवा सोसत नाहीत अशांसाठी. पण यूट्यूबवर गार पाण्याचे हबके मारून व्हेगस 'जागी' करणारे गुरू निघालेत, त्यांच्या नादी लागलास तर याद राख. तुझ्या आमवाताच्या औषधाचा, मेथोट्रेक्सेटचा, आठवड्याचा ठरलेला दिवस चुकवू नकोस.

पुढच्या तपासणीला सीआरपीचा कागद नेशीलच. त्याच्याच पाठीमागे लिहून ने, दुपारी तीननंतर डोकं चालत नाही, माणसं नकोशी होतात. डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही. आणि हे पत्र वहिनींना वाचून दाखव. त्या म्हणाल्या, 'मित्राने मित्राची वकिली केली,' तर त्यांना मला फोन लावायला सांग, मी कपिलीची गोष्ट सांगतो.

तुझा,
बंड्या