नाकावर शिंग असलेला इग्वानोडॉन

प्रिय वैशू,

लंडनमध्ये एवढं बघायला असताना मी सारखी त्याच पार्कात काय करते असं विचारलंस ना, मग आता सविस्तर वाच. कॅपिटल रिंग म्हणून शहराभोवती पायी फिरायची वाट आहे, ती क्रिस्टल पॅलेस पार्कातून जाते आणि तिथे तळ्यातल्या बेटांवर डायनासोर उभे आहेत, १८५४ पासून! बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने केलेले.

माझा लाडका म्हणजे त्यातला उभा इग्वानोडॉन. चार पायांवर, गेंड्यासारखा जाडजूड, अंगभर खवले आणि नाकावर शिंग. आता ते शिंग नाकावरचं नाहीच गं, अंगठ्याचं आहे! तेव्हा हाडं मिळालेली थोडी, त्यात हे एक टोकदार हाड सुटं, मग लावलं नाकावर. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या कोळसा खाणीत अख्खे सांगाडे निघाले तेव्हा उलगडा झाला. पण इथलं शिंग कुणी काढलं नाही आणि काढूही नये, कारण मूठभर हाडांवरून त्या लोकांनी किती विचार केला ते त्यातच दिसतं. येणारेजाणारे 'चुकीचा डायनासोर' म्हणून हसतात ना तेव्हा मला खरंच राग येतो. एकट्या इग्वानोडॉनला ६०० विटा, वर लोखंडी खांब, कौलं, सिमेंट, आणि त्याच्या साच्यात बसून ३१ डिसेंबर १८५३ ला शास्त्रज्ञ मंडळी जेवली, विचार कर!

ज्याच्या नावाचा पार्क तो काचेचा पॅलेस १९३६ ला जळाला, हे डायनासोर मात्र टिकले. २००७ पासून ग्रेड वन, म्हणजे जपायच्या वारशाचा सगळ्यात वरचा दर्जा आहे तरी तडे जातातच, २०२० ला मेगॅलोसॉरसचा जबडा पडला तेव्हा जीव कळवळला माझा, पुढच्या वर्षी नवा बसवला.

आणि तू तर वरोऱ्याची! तुमच्या पिसदुऱ्याला लांब मानेच्या डायनासोरची खरी हाडं सापडलीत, दगड झालेली विष्ठासुद्धा. तिथल्या पोरांना शाळेत जाताना रोज दिसेल असा एक पुतळा रस्त्याकडेला हवा असं मला फार वाटतं, तू सरांशी बोल ना, त्यांची ओळख आहे तिकडे.

इकडे आलीस की आधी पार्काजवळच्या पेंज वेस्ट स्टेशनला उतरायचं, बाकी लंडन नंतर. चालायचे बूट आण, चपला नकोत.

तुझी,
मनू