दिव्यांच्या सर्किटवर २० अँपिअरचा एमसीबी बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: दिव्यांच्या सर्किटवरील चुकीच्या क्षमतेचा एमसीबी (जास्त प्रवाह वाहिल्यास आपोआप पडून वीज तोडणारे उपकरण) बदलून मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीने आमच्या घराचे वायरिंग नव्याने करून दिले, तेव्हा डीबीच्या (एमसीबी बसवलेल्या वीज वितरण पेटीच्या) दाराला आतून सर्किटांचा तक्ता चिकटवला होता. त्यात दिवाणखान्याच्या व लगतच्या खोल्यांच्या दिव्यांसमोर ‘बी ६’ (अक्षर म्हणजे एमसीबीचा प्रकार, आकडा म्हणजे अँपिअरमधील क्षमता) असे आजही लिहिलेले आहे. त्या जागी बसवलेल्या एमसीबीवर मात्र आता ‘सी २०’ असे छापलेले दिसते. माझी तक्रार या बदलाबद्दल आहे.

छतातील एलईडी दिव्यांचा संपूर्ण गट एकाच खटक्यावर आहे. तो खटका दाबताक्षणी मूळचा ६ अँपिअरचा एमसीबी अधूनमधून पडत असे, पण दिवे एकदा लागले की कितीही वेळ चालू ठेवले तरी पडत नसे. हे मी आपल्या तंत्रज्ञांना मुद्दाम सांगितले होते. त्यांनी कोणतेही मोजमाप न घेता २० अँपिअरचा एमसीबी बसवला आणि ट्रिपिंग थांबल्याचे कारण देऊन आपल्या कार्यालयाने तक्रार निकाली काढली.

या सर्किटला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे. भिंतीतल्या पाइपमधून इतर वायरींसोबत नेलेल्या अशा वायरीला साधारण १३ ते १५ अँपिअरच्या पुढे सतत प्रवाह झेपत नाही. एमसीबी बसवायचा तो या वायरीच्या रक्षणासाठी, म्हणून त्याची क्षमता सर्किटच्या भारापेक्षा कमी नसावी आणि वायरीच्या क्षमतेपेक्षा जास्त नसावी, हा निवडीचा पहिला नियम आहे. शिवाय २० अँपिअरचा एमसीबी २० अँपिअर ओलांडताच पडतो असेही नाही. प्रमाणित चाचणीनुसार २२.६ अँपिअरला तो तासभर पडता कामा नये, आणि २९ अँपिअरला तासाभरात पडला तरी तो निर्दोष ठरतो. तेवढा वेळ प्लास्टरखालची वायर तापत राहील आणि डीबीत काहीही हालचाल होणार नाही. उद्या कोणी दिव्याच्या पॉइंटवरून सॉकेट ओढून त्यावर हीटर लावला, तर हा धोका प्रत्यक्षात येईल. आमच्या खटक्यांवरही ६ अँपिअरच छापलेले आहे.

मूळ दोष जास्त भाराचा नव्हताच. या सर्किटवरील सगळे दिवे आणि पंखे एकदम लावले तरी भार ४०० वॅटच्या आसपास भरतो, म्हणजे २३० व्होल्टवर २ अँपिअरहूनही कमी. एलईडीच्या ड्रायव्हरमधील (दिव्याला योग्य वीज पुरवणाऱ्या भागातील) कपॅसिटर चालू होताना क्षणभर फार मोठा प्रवाह ओढतात आणि अनेक ड्रायव्हर एकाच वेळी लागले की तो एकत्र होतो. ‘बी’ प्रकारचा एमसीबी त्याच्या क्षमतेच्या ३ ते ५ पटींदरम्यान, म्हणजे येथे १८ ते ३० अँपिअरला, तत्काळ पडतो. ‘सी’ प्रकारात हीच मर्यादा ५ ते १० पट असते. दिव्यांचे दोन गट करणे किंवा ‘सी ६’ बसवणे हा सरळ उपाय होता. आपल्या तंत्रज्ञांनी अक्षराबरोबर आकडाही बदलला, आणि गफलत तिथेच झाली.

‘आरसीसीबी आहे, काळजी नको,’ असेही मला सांगण्यात आले. आरसीसीबी हे डीबीतील वेगळे उपकरण विजेची गळती ओळखते, जास्त भार नव्हे. विजेचे काम रोज करणाऱ्या माणसाकडून हे ऐकून मला आश्चर्य वाटले.

तरी हा एमसीबी तातडीने काढून ‘सी ६’ बसवावा. ‘सी ६’ तत्काळ पडण्याची खात्री ६० अँपिअरला मिळते, त्यामुळे सर्किटच्या शेवटच्या दिव्यापाशी लूप इम्पीडन्स (दोषाचा प्रवाह ज्या मार्गाने वाहतो त्याचा एकूण अवरोध) मोजून दोषाच्या वेळी तेवढा प्रवाह मिळतो का, हे तपासावे आणि मोजमाप मला लेखी द्यावे. तरीही ट्रिपिंग होत राहिल्यास दिव्यांचे गट वेगळे करून द्यावेत. याच तंत्रज्ञांनी डीबीतील आणखी कोणते एमसीबी बदलले असल्यास तेही वायरीच्या जाडीशी पडताळावेत. हे काम सदोष दुरुस्तीमुळे उद्भवले असल्याने त्याचे शुल्क मी देणार नाही.

तोपर्यंत आम्ही हे सर्किट बंद ठेवले आहे. भेटीची वेळ लेखी कळवावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक ग्राहक

सोबत: डीबीच्या दारावरील तक्ता व सध्याचा एमसीबी यांची छायाचित्रे